चांदणीची चावी

गाडी चालू आहे हे मला कळलं नाही, एवढाच माझा बचाव होता.

पुतणीनं ती गाडी घेऊन तीन महिने झाले होते. विजेवर चालणारी, बसक्या बांध्याची, निळसर काळी. उभ्या जागेवरून शंभराचा वेग पकडायला तिला तुमच्या दोन शिंकांएवढा वेळ लागतो, असं पुतणी मला कौतुकानं सांगायची, कारण मला शिंका लागोपाठ येतात. त्या रविवारी उस्मानपुऱ्यातल्या त्यांच्या घरासमोर ती म्हणाली, "काका, बसून तर बघा." मी बसलो. इंजिनाचा आवाज नाही, थरथर नाही, किल्ली फिरवायची भानगड नाही. समोर नुसता टीव्हीएवढा पडदा. म्हटलं, बंद आहे. आणि बंद गाडीत बसल्यावर बाप्या माणूस जे करतो तेच मी केलं. पाठ ताठ केली, जुन्या सवयीनं ब्रेक दाबला, स्टिअरिंगजवळची एक दांडी वायपरची समजून खाली ओढली, मग पाय उचलून शेजारच्या पेडलवर ठेवला. ठेवला म्हणजे दाबला.

गाडी अकरा फूट गेली. नंतर मी पावलांनी मोजलं. नालीच्या कडेला सिमेंटचा उंच काठ आहे, त्याला डावीकडची दोन्ही चाकं घासली आणि गाडी स्वतःच थांबली. तिला माझ्यापेक्षा जास्त अक्कल आहे. पुढच्या रिमचा टवका उडाला होता, मागच्या रिमला केसाएवढी चीर गेली होती.

वहिनी वरून गॅलरीतून बघत होत्या. "भाऊजी, लागलं का हो?"

"नाही नाही, मला काही नाही."

"गाडीला विचारतेय मी."

पुतणी चिडली असती तर बरं झालं असतं. ती चिडली नाही. चाकापाशी उकिडवी बसली, रिमच्या कडेवरून आंगठा फिरवला आणि नाकातून नुसतं "हं" केलं. अगदी माझ्या थोरल्या भावासारखं. दादाला जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. त्याचं ते "हं" तिच्या नाकातून बाहेर पडलं आणि मी भर उन्हात गाडीच्या उघड्या दाराला धरून उभा राहिलो.

कंपनीची चाकं यायला दोन महिने लागणार, असं कळलं. एकदोन फोन करून तिनं ठरवलं की बाहेरची चाकं घ्यायची, आणि घ्यायचीच तर चारही बदलायची, टायरांसकट. तसंही तिच्या मनात होतंच. मी पैसे देतो म्हणालो तर म्हणाली, "पैसे नकोत, तुम्ही निवडायला चला. बाबा म्हणायचे, आपल्या घरात चाकांमधलं कळतं ते एकट्या काकाला."

दादा असं म्हणायचा हे मला माहीत नव्हतं.

पुढचा आठवडा चाकांचा गेला. पुतणी शेंद्र्याला कारखान्यात इंजिनीअर आहे, त्यामुळं तिनं एक्सेलचा तक्ता केला होता. वजन, रुंदी, भार, काय काय. मला सकाळ-संध्याकाळ व्हॉट्सॲपवर फोटो यायचे. तिचा जीव एकवीस इंची चाकांवर होता. एवढं मोठं चाक की त्याच्याभोवतीचा टायर म्हणजे डोळ्यात घातलेली काजळाची रेघ. मी म्हटलं, "बाई, आपल्या रस्त्यावर ही रेघ पुसायला एक खड्डा पुरे. टायर जाड असला तर खड्ड्याचा मार टायर खातो. पातळ असला तर थेट रिम खाते."

"काका, रिम नालीच्या काठाचा पण मार खाते."

हे ऐकून घेणं भाग होतं. मग मी माझं ज्ञान पाजळायला लागलो. एकोणीस इंची घे, दिसायला लहान वाटेल पण टायरला जाडी मिळेल. तिचं म्हणणं, एकोणीस इंचात ब्रेकचा डबा बसतो की नाही ते आधी एक चाक चढवून बघावं लागेल. शिवाय या गाडीत पाचेक क्विंटलची बॅटरी आहे, टायर जास्त भार पेलणारा हवा, नुसतं माप जुळून भागत नाही. क्विंटल तिनं माझ्यासाठी केले असणार. आमचं मूळ गाव लासूर स्टेशन, वडील तिथल्या बाजारात कांद्याचा व्यापार करायचे, आणि मी अजून कुठलंही वजन गोण्यांत मोजतो.

"आणि स्टेपनी कुठल्या मापाची घ्यायची?" मी विचारलं.

"स्टेपनी नसतेच हो यात. पंप देतात आणि एक बाटली. पंक्चर झालं तर बाटलीतलं द्रव भरायचं, नाहीतर उचलून न्यायला गाडी बोलवायची."

स्टेपनी नाही. हे ऐकून मला हायसं वाटायला हवं होतं. का, ते आता सांगतो. तोवर कुणाला सांगितलेलं नव्हतं. बायकोलासुद्धा नाही, आणि बायकोला मी जेवणात मीठ किती पडलं इथपासून सगळं सांगतो.

पंचवीसएक वर्षं झाली. तेव्हा आम्ही दोघं भाऊ उस्मानपुऱ्याच्या त्याच घरात राहायचो, वडील लासूर स्टेशनलाच असायचे आणि सणाला यायचे. दादानं आणि मी मिळून एक जुनी छोटी कार घेतली. चालवायचा दादा, नटवायचो मी. माझं नुकतंच लग्न झालेलं, अंगात रग, आणि शहरात मॅग व्हीलचं, म्हणजे मिश्रधातूच्या नक्षीदार चाकांचं, वेड शिरलेलं. शहागंजकडच्या एका दुकानातून मी चार चकचकीत मॅग व्हील आणली. दुकानदार चाचा म्हणाला, "लॉक मार लो मियाँ, नै तो सुबह गाडी ईंटां पे खडी मिलेगी." लॉक म्हणजे काय, तर प्रत्येक चाकाच्या चार नटांपैकी एक नट वेगळा. त्याला साधा पाना लागत नाही. बोटाच्या पेराएवढी एक पोलादी चावी येते, तिच्या तोंडात चांदणीच्या आकाराची खाच. ती चावी नटावर बसवायची आणि मग पाना फिरवायचा. चावी नाही तर चाक निघत नाही. चोराचं नाही आणि मालकाचंही नाही.

चावी गाडीतच, पान्याबरोबर ठेवायची असते. ठेवत होतोच. पण खंडेनवमी आली. आमच्याकडं त्या दिवशी घरातली सगळी हत्यारं पाटावर मांडून पूजा होते. वडिलांचा अडकित्ता, विळी, कात्री, माझा पाना, स्क्रू-ड्रायव्हर. मी हौसेनं ती चावीही मांडली. वर झेंडूचं फूल ठेवलं. दुसऱ्या दिवशी सीमोल्लंघनाला जाताना पाना गाडीत गेला, अडकित्ता वडिलांच्या पिशवीत गेला, विळी स्वयंपाकघरात गेली. चावी एवढीशी, चांदीसारखी चमकत होती. ती देवघरातच राहिली, कुंकवाच्या करंड्यामागं. हळदकुंकू वाहिलेली वस्तू लगेच उचलू नये असं मी मनाशी म्हटलं. खरं म्हणजे विसरलो.

पौषात एका सकाळी लासूर स्टेशनहून शेजाऱ्यांचा फोन आला, अण्णांच्या छातीत दुखतंय. अण्णा म्हणजे आमचे वडील. तिथल्या डॉक्टरांनी शहरात न्या म्हणून सांगितलं. दादा गाडी घेऊन गेला. मी ऑफिसात होतो. येताना निम्म्या रस्त्यात गाडीचं मागचं चाक बसलं. डिकीत स्टेपनी होती, हवा भरलेली. जॅक होता. पाना होता. दादानं तीन नट सोडवले. चौथ्यावर चांदणी होती.

दोन तास ते तिथं होते. शेवटी कांद्याच्या एका टेम्पोनं त्यांना शहरात आणलं. दवाखान्याच्या पायऱ्यांवर अण्णा गेले. डॉक्टर काय बोलले ते दादानं ऐकलं. मी पोचलो तेव्हा दादा भिंतीकडं तोंड करून उभा होता.

घरी आणल्यावर, माणसं जमली असताना, दादानं मला बाजूला बोलावून हळूच विचारलं, "ती चांदणीची चावी कुठंय रे?" मी देवघरात गेलो. ती करंड्यामागंच होती, तिच्यावर झेंडूची सुकलेली पाकळी चिकटली होती. तशीच नेऊन दादाला दिली. तिसऱ्या दिवशी दादा गाडी घेऊन आला आणि चावी माझ्या हातावर ठेवून म्हणाला, "नीट ठेव."

एवढंच. त्या दिवसापासून मरेपर्यंत त्यानं तिचं नाव काढलं नाही. मीही काढलं नाही. लोक विचारायचे तेव्हा दादा म्हणायचा, गाडी बंद पडली. गाडी विकताना मी आधी साधे नट बसवून घेतले. चावी अजून माझ्याकडं आहे, कपाटात, दाढीच्या जुन्या डब्यात. एकदा बायकोनं विचारलं होतं, हे काय आहे. मिक्सरचं काहीतरी, मी म्हणालो. तिनं ती दोन मिक्सरांना लावून बघितली.

तर चाकं घ्यायचा दिवस. पुतणी मला घ्यायला सिडकोत आमच्या घरी आली. जालना रोडवर दुकान. या गाडीत बसलं की काय होतं ते सांगायला हवं. साध्या गाडीत इंजिन बोलत असतं, त्याच्या आडोशाला माणूस गप्प बसू शकतो. हिच्यात तो आडोसाच नाही. खालून फक्त टायरांची घरघर येते, एका सुरात, घोंगडी पांघरून कुणी म्हातारं माणूस घशातल्या घशात काही म्हणत असावं तशी. आणि मला वाटत राहतं की मागच्या सीटवर कुणीतरी आहे. एक नाही, दोन जण. एक जण छातीवर हात ठेवून बसलाय आणि दुसरा खाली उतरायची वाट बघतोय. आरशात बघितलं तर पुतणीच्या लॅपटॉपची बॅग.

"काका, गप्प का?"

"टायर ऐकतोय."

"त्याचसाठी फोमवाले घेऊ. टायरच्या आत स्पंज चिकटवलेला असतो, मग आवाजच येत नाही."

दुकान म्हणजे काचेचा महाल. चारी भिंतींना चाकं टांगलेली, सगळी आमच्याकडं तोंड करून. पंचवीस वर्षांत चाकं मोठी झाली, आरे बारीक झाले, पण चकाकी तीच. दुकानदार तिशीतला, अदबशीर. त्यानं खुर्च्या दिल्या, पाणी दिलं आणि फोमच्या टायराचं कौतुक सुरू केलं. "सर, आत बसलं की श्वास ऐकू येईल, इतकं शांत."

मी म्हणालो, "थोडा आवाज येणारे दाखवा."

त्यानं पुतणीकडं बघितलं. पुतणीनं त्याला हातानंच खूण केली, त्यांचं असंच असतं अशी.

एकोणीस इंची एक चाक आधी पुढं चढवून बघितलं. ब्रेकच्या डब्याला लागलं नाही, मध्ये करंगळी जाईल एवढी फट राहिली. पुतणीनं आपली करंगळी घालून बघितली, मग माझी घालायला लावली. भार तपासला, टायर किती जुना ते त्याच्या कडेवर छापलेल्या आकड्यावरून वाचलं. एकवीस इंचीकडं तिनं एकदा डोळे भरून बघितलं आणि मग एकोणीसला हो म्हणाली. करड्या रंगाची, दहा आऱ्यांची, साधी. टायर बिनफोमचे. ते माझ्यासाठी. मला खरंच आनंद झाला. वाटलं, सुटलो. या वेळी चाकं नीट निवडली. स्टेपनी नाही, चांदणी नाही, कुणाचं काही अडणार नाही.

मग दुकानदारानं काउंटरखालून एक छोटी डबी काढली. "आणि हे मॅडम, आमच्याकडून भेट. लॉक नट. चार चाकांना चार."

"नको," मी म्हणालो. जरा मोठ्यानं म्हणालो असेन, कारण चाक फिरवणारा माणूस थांबला.

"सर, भेट आहे."

"भेट असली तरी नको."

पुतणी म्हणाली, "काका, गाडी रस्त्यावर उभी असते आपली. एवढी महाग चाकं. तुम्हीच मागं म्हणालात की गल्लीत बॅटऱ्या चोरीला जातात."

"मी कशालाही काहीही म्हणतो."

"पण कारण काय?"

कारण तोंडात होतं. जिभेवर होतं. एवढ्या वर्षांत ते इतकं पुढं कधीच आलं नव्हतं. दुकानदार, पुतणी, खाली वाकलेला तो माणूस, भिंतीवरची सगळी चाकं, सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते, आणि मी म्हणालो, "गंज चढतो त्यांना."

"स्टेनलेसचे आहेत सर," दुकानदार म्हणाला.

बसवले. मी बाहेर जाऊन उभा राहिलो. आतून पान्याचा आवाज येत होता, नट घट्ट होताना शेवटी जो कटकन होतो तो. दर पाचव्या नटाला थोडी शांतता पडायची. तेवढ्यात तो माणूस पान्याला चावी लावत असणार. बाहेर ऊन, रिक्षा, हॉर्न, आणि मला दिसत होतं ते हिवाळ्यातलं ऊन, रस्त्याकडेला वाकलेली दादाची पाठ. पाना चांदणीवरून घसरतोय, पुन्हा लावतोय, पुन्हा घसरतोय. मी ते बघितलेलं नाही. पण न बघितलेलंच मला रोज दिसतं.

सिडकोत मला सोडताना पुतणीनं ती डबी माझ्या हातावर ठेवली. "ही एकच चावी आहे म्हणाला तो. हरवली तर कंपनीला नंबर पाठवून मागवावी लागते. माझ्याकडं वस्तू टिकत नाहीत. तुमच्याकडं नीट ठेवा."

मी हात मागं घ्यायला हवा होता. घेतला नाही. "बरं," म्हणालो. ती वळून गेलीही. गाडीचा आवाज नसल्यामुळं ती कधी गेली तेही कळत नाही. डबी उघडली. चावीच्या तोंडात आता चांदणी नव्हती, फुलासारखी खाच होती. फुलासारखी असली म्हणून काय झालं?

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वहिनींना घेऊन नाशिकला निघणार होती. वहिनींच्या डोळ्यांची तपासणी होती. रस्ता लासूर स्टेशनवरूनच जातो असं नाही, पण माझ्या डोक्यात सगळे रस्ते तिथूनच जातात. संध्याकाळभर मी डबी या खिशातून त्या खिशात केली. स्वतःला समजावलं की स्टेपनीच नाही तर चावी कशाला लागते. हे कुणालाही पटेल. मला पटत नव्हतं. पंक्चर काढायला कुणीतरी चाक उतरवायला जाईल, पाच नटांपैकी चार सुटतील, आणि वहिनी आत बसलेल्या असतील.

बायको म्हणाली, "तुम्ही पाहुणचाराला आलेल्या माणसासारखे का फिरताय घरात?"

सकाळी साडेसातला स्कूटरवरून उस्मानपुऱ्यात पोचलो. पुतणी डिकीत पाण्याच्या बाटल्या ठेवत होती. वहिनी वर कुलपं लावत होत्या. त्यांना खाली यायला नेहमी तीन फेऱ्या लागतात, गॅस, देवाचा दिवा आणि पुन्हा गॅस. तेवढा वेळ माझ्याकडं होता.

"ही गाडीत ठेव," मी डबी पुढं केली.

"अहो काका, एवढ्यासाठी आलात? लागणार नाही ती."

"तरी ठेव."

"काल नको म्हणत होतात, आज आणून देताय. झालंय काय तुम्हाला?"

मग मी सांगितलं. फार वेळ लागला नाही. पंचवीस वर्षं सांभाळलेली गोष्ट पाचसहा वाक्यांत संपली. खंडेनवमी, पाट, करंडा, चौथा नट, दोन तास. "अण्णा माझ्यामुळं गेले," मी म्हणालो, "आणि तुझ्या बाबांनी कुणाला कळू दिलं नाही." हे मी तिच्या तोंडाकडं बघून नाही, नव्या चाकाकडं बघून सांगितलं.

ती डिकीच्या काठावर बसली. माझ्या हातातली डबी तिनं घेतली.

"बाबा तर म्हणाले होते, जॅक मोडला," ती म्हणाली.

"तुला सांगितलं होतं त्यानं?"

"एकदाच. मी कॉलेजात होते. तुम्हाला बोलायचं नाही म्हणाले होते."

"का?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून." ती थांबली. मग म्हणाली, "काका, तिथं गाड्या थांबल्या होत्या. एक जीप होती. कुणाची तरी व्हॅन होती, लग्नाला चाललेली. ती माणसं खाली उतरून म्हणाली, म्हाताऱ्या बाबांना बसवा. आजोबाच हलले नाहीत."

"का?"

तिनं खाली बघितलं आणि अण्णांचं बोलणं दादा जसं करून दाखवायचा तसं केलं. दादाची नक्कल करणारी मुलगी, तिच्यात अण्णांची नक्कल करणारा दादा. "'धाकट्यानं लई हौसेनं चाकं घातलीत. गाडी अशी उघड्यावर टाकून म्या येनार नाय. दिवसाढवळ्या काढून नेतील.' बाबा म्हणाले, मी थांबतो गाडीपाशी, तुम्ही जा. तर म्हणाले, 'तू लेकराबाळांचा माणूस, एकटा कशाला थांबतोस? माझं दुखायचं थांबलं बघ.' खरंच थांबलं होतं म्हणे. लिंबाखाली बसले. शेजारच्या शेतातल्या बाईनं हरभऱ्याचे ढाळे आणून दिले. पुन्हा कळ येईपर्यंत दोघं ते सोलून खात बसले. आजोबा तुमच्या लहानपणच्या गोष्टी सांगत होते."

"कसल्या?"

"ते बाबांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही." तिनं हातातली डबी उघडली, बंद केली. "बाबा म्हणाले, मी त्यांना उचलून जीपमध्ये टाकायला पाहिजे होतं. मी ढाळे सोलत बसलो. हे ते दोनदा म्हणाले."

चाकं चोरीला जातील म्हणून अण्णा बसून राहिले. ती चाकं त्या दिवशी जगातल्या कुणालाही काढता येत नव्हती, हे त्यांना माहीत नव्हतं. दादाला माहीत होतं, हातात पाना घेऊन उभा होता तो. त्यानं अण्णांना सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर धाकट्यानं चावी कुठं ठेवली हे निघालं असतं. हे मला तिथं उभ्याउभ्या कळलं. पुतणीलाही कळलं असावं, कारण तिनं माझ्या कोपराला धरलं आणि सोडलं नाही.

वहिनी खाली आल्या. "भाऊजी, तुम्ही येताय का नाशिकला? बसा की मग. फक्त पुढं नका बसू."

पुतणीनं डबी दोन सीटांच्या मधल्या कप्प्यात ठेवली, मला दिसेल अशी. मी म्हणालो, ते लॉक काढून टाकायचे तर टाक. ती म्हणाली, "बघू काका." गाडी निघाली. आवाज नाहीच. फक्त वाळूवरून जाणाऱ्या टायरांची घरघर, गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत. ती थांबल्यावरही मी ऐकत होतो.

घरी आलो. बायको मेथी निवडत बसली होती. मी तिच्यासमोर बसलो आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं, मिक्सरसकट. मध्ये तिनं एकदाही टोकलं नाही, हे आमच्या घरात पहिल्यांदाच झालं. तिच्या हातातली जुडी तशीच राहिली. माझं सांगून झालं तरी ती मेथीकडंच बघत होती. अण्णा गेले तेव्हा तिला लग्न होऊन आमच्यात येऊन दीड वर्ष झालं होतं. अण्णा तिला सून म्हणून नाही, नावानं हाक मारायचे.

"म्हणजे ते पण इतकी वर्षं हेच मनात घेऊन बसले होते," ती म्हणाली.

"हो. दादा पण."

तिनं एक काडी मोडली, पानं वेगळी केली, पुन्हा थांबली. मग म्हणाली, "तुम्ही दोघं दर रविवारी त्या सोफ्यावर बसून मॅच बघायचात. चार-चार तास. मी चहा देऊन देऊन थकायचे. एकदा तरी टीव्हीचा आवाज बंद करायचात की हो."